गोंदिया जिल्ह्यातील मामा तलावांचे लोकसहभागी संवर्धन

मामा तलाव, अर्थात माजी मालगुजारी तलाव, हे पूर्व विदर्भातील मानवनिर्मित पाणथळ जागांचे एक विस्तीर्ण जाळे आहे. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या जिल्ह्यांत मिळून अशा तलावांची संख्या साडेसहा हजारांहून अधिक आहे. त्यांपैकी हजाराहून अधिक तलाव गोंदिया जिल्ह्यात आहेत. भाताची शेती, मासेमारी, शिंगाड्याची लागवड, गुरांचे पाणी आणि भूजलाचे पुनर्भरण अशा अनेक गोष्टी या तलावांवर अवलंबून आहेत. १९५१ नंतर तलावांची मालकी शासनाकडे गेली आणि गावपातळीवरील देखभालीची जुनी व्यवस्था मोडली. एकविसाव्या शतकात ढिवर समाजाच्या मच्छीमार सहकारी संस्था, महिलांचे बचत गट, ग्रामसभा आणि स्थानिक अभ्यासगट यांनी काही तलावांच्या पुनरुज्जीवनाचे काम हाती घेतले. पाणथळ जागेच्या लोकाधारित संवर्धनाचे महाराष्ट्राच्या अंतर्भागातील हे एक महत्त्वाचे उदाहरण मानले जाते.

नाव

‘मामा’ हा शब्द ‘माजी मालगुजारी’ या शब्दांच्या आद्याक्षरांपासून बनला आहे. शासकीय कागदपत्रांतून तो बोलीत उतरला आणि आता तो इतका रूढ झाला आहे की, आईच्या भावाशी या तलावांचा काही संबंध असावा असा नवख्या माणसाचा समज होतो. गावात मात्र तलावाला त्याच्या स्वतःच्या नावानेच ओळखतात. मोठ्या जलाशयाला ‘बांध’ म्हणतात व ते गावाच्या नावालाही जोडले जाते, उदाहरणार्थ नवेगाव बांध. शेतातील लहान तळ्याला ‘बोडी’ असे म्हणतात. बोडी बहुधा एका किंवा काही कुटुंबांची असते, तर तलाव गावाचा असतो.

भौगोलिक पार्श्वभूमी

गोंदिया जिल्हा वैनगंगा नदीच्या खोऱ्यात आहे. बाघ, चुलबंद, गाढवी आणि पांगोली या जिल्ह्यातील प्रमुख नद्या होत. पाऊस विपुल असला तरी तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या काळात पडतो. जमिनीखाली कठीण स्फटिकी खडक असल्याने विहिरींना बेताचेच पाणी लागते. मुख्य पीक धान, म्हणजे भात. रोवणीच्या वेळी किंवा लोंबी भरण्याच्या काळात पावसाने दोन-तीन आठवडे ओढ दिली, तर एरवी भरपूर पावसाच्या या प्रदेशातही पीक हातचे जाते. म्हणून येथील तलाव मुळात दुष्काळासाठी नव्हे, तर पावसाच्या खंडासाठी बांधलेले आहेत. त्यांची संख्या इतकी मोठी आणि आकार तुलनेने लहान का, हे यावरून समजते.

भूपृष्ठ उंचसखल व टेकड्यांनी वेढलेले असल्यामुळे दोन उंचवट्यांमधील सखल भागावर मातीची पाळ घातली की पाणी साठते. अनेक ठिकाणी तलाव एकाखाली एक अशा साखळीत आहेत. वरच्या तलावाच्या सांडव्यातून वाहिलेले पाणी खालच्या तलावात येते, आणि त्यामुळे एका गावाने पाळ फोडली किंवा सांडवा उंचावला तर त्याचा परिणाम शेजारच्या गावावर होतो.

इतिहास

या प्रदेशावर दीर्घकाळ गोंड राजांची सत्ता होती. जो कोणी जंगल तोडून तलाव बांधील, त्याला त्या तलावाच्या पाण्याखाली येणाऱ्या जमिनीवर हक्क द्यावा असे चांदा येथील गोंड राजांचे धोरण असल्याचे ब्रिटिशकालीन लेखनात नमूद आहे. अशा जमिनींना ‘तुकूम’ म्हणत. तलाव बांधण्याच्या कामात कोहळी समाज अग्रेसर होता. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या मध्य प्रांतातील जाती-जमातींविषयीच्या ग्रंथात कोहळ्यांचे वर्णन तलाव बांधणारे व ऊस पिकविणारे कुशल शेतकरी असे आले आहे. चांद्याच्या गोंड राजाने काशीयात्रेहून परतताना त्यांना आपल्या मुलखात आणले, ही परंपरागत कथाही तेथे नोंदविलेली आहे. ती आख्यायिका म्हणूनच घ्यावयास हवी.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगाव बांध हा या परंपरेचा सर्वांत परिचित जलाशय आहे. तो कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या प्रारंभी बांधला असे मानतात. मृत्यूनंतर त्यांना देवत्व मिळाले आणि ‘कोलासुर देव’ म्हणून त्यांचे ठाणे पाळीवर आहे. तलावाभोवतालच्या सात टेकड्यांना ‘सात बहिणी’ म्हणतात व तलाव बांधण्याच्या कामी त्यांनी साहाय्य केले अशी लोकश्रद्धा आहे. बांधकाम करणाऱ्याचा देव होणे ही गोष्ट केवळ श्रद्धेची नाही. पाळीची मोडतोड करू नये, हा संकेत त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या टिकला.

१८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाली. त्यानंतरच्या जमाबंदीत गावचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांना मालकी हक्क देण्यात आले. तलावही त्यांच्या नावावर चढले. गावकऱ्यांचे पाणी, चराई, जळाऊ लाकूड व मासेमारीविषयीचे रूढ हक्क ‘वाजिब-उल-अर्ज’ या दस्तऐवजात लिहून ठेवले जात. पुढील काळात तलावांच्या वापरासंबंधी वाद उद्भवले की हाच दस्तऐवज पुरावा म्हणून पुढे येऊ लागला.

तलावाची रचना

मामा तलावाचे प्रमुख भाग तीन. मातीची पाळ, शेतीला पाणी सोडण्याचे तोंड आणि जादा पाणी वाहून नेणारा सांडवा. पाणी सोडण्याच्या तोंडाला स्थानिक भाषेत ‘तुडूम’ व सांडव्याला ‘सलंग’ म्हणतात. जुन्या तुडुमात पाण्याच्या उतरत्या पातळीनुसार एकाखाली एक छिद्रे असत व ती लाकडी खुंट्यांनी बंद केली जात. पाणी जसजसे उतरेल तसतशी खालची छिद्रे उघडावयाची, म्हणजे वरच्या थरातील पाणी आधी शेतात जाते. सलंग शक्यतो नैसर्गिक खडकावर किंवा घट्ट भूमीवर काढीत, कारण मातीच्या पाळीवरून पाणी वाहू लागले तर ती एका रात्रीत वाहून जाते.

तलावाच्या आतील बाजूचा उतार सौम्य असतो, आणि पाणथळ परिसंस्थेच्या दृष्टीने हेच त्याचे सर्वांत मोलाचे वैशिष्ट्य आहे. काठाकडील उथळ पाण्यात गवतवर्गीय वनस्पती व देवधान (रानटी भात) वाढते, त्यापुढे कमळ-कुमुदिनीसारख्या तरंगत्या पानांच्या वनस्पती आणि अधिक खोल भागात पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पती असतात. प्रत्येक पट्ट्यात वेगळे मासे आणि वेगळे पक्षी आढळतात. कमळपक्ष्याला तरंगती पाने लागतात, जांभळ्या पाणकोंबडीला दाट लव्हाळे लागते, तर बुडी मारणाऱ्या बदकांना मोकळे व खोल पाणी लागते. उन्हाळ्यात पाणी ओसरून तळाचा मोठा भाग उघडा पडतो. तो पडीक वाटत असला, तरी पुढच्या पावसाळ्यात उगवणाऱ्या वनस्पतींचे बी आणि कंद त्याच मातीत असतात.

जुनी व्यवस्था

पाणीवाटपासाठी गावात ‘पाणकर’ नेमलेला असे. कोणत्या बांधीला किती वेळ पाणी मिळावयाचे हे तो ठरवी व त्याचा मोबदला शेतकरी धान्याच्या रूपाने देत. उन्हाळ्यात पाळीची दुरुस्ती, पाटाची सफाई आणि गाळ काढणे ही कामे होत. गाळ बैलगाडीने शेतात नेला जाई. त्यामुळे जमिनीला खत मिळे व तलावाची खोलीही राहत असे. ढिवर समाजाकडे मासेमारी, डोंगा चालविणे आणि शिंगाड्याची लागवड ही कामे परंपरेने होती.

या व्यवस्थेचे आदर्श चित्र रंगविण्याचा मोह अनेक लेखकांना आवरत नाही. प्रत्यक्षात मालगुजारी ही विषम सत्तेची व्यवस्था होती. पाळीच्या दुरुस्तीचे श्रम बहुतांशी कुळांचे व भूमिहीनांचे असत, तर सुपीक जमीन आणि पाण्यावरचा शब्द मालगुजाराचा व मोठ्या कास्तकारांचा. ढिवरांचा मासेमारीचा अधिकारही बहुतेक ठिकाणी कृपेवर अवलंबून होता. तरीही एक गोष्ट खरी आहे. तलावातून लाभ घेणारे आणि तलावाची निगा राखणारे लोक एकाच गावात राहत होते. पाळीला भगदाड पडले, तर त्याच वर्षी त्याची झळ सर्वांना बसत असे.

मालगुजारीचे उच्चाटन आणि त्यानंतरची स्थिती

मध्य प्रदेश शासनाच्या १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन अधिनियमान्वये १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आली आणि तलाव शासनाच्या मालकीचे झाले. जमीनसुधारणेच्या दृष्टीने हा निर्णय आवश्यक होता. पण तलाव कोणी सांभाळावयाचा, हा प्रश्न त्यात सुटला नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. लहान सिंचनक्षमतेचे तलाव जिल्हा परिषदांकडे व मोठे जलाशय पाटबंधारे खात्याकडे गेले. मासेमारीचा ठेका, सिंचनाची पाणीपट्टी, काठावरची जमीन आणि तलावाभोवतीचे जंगल यांची जबाबदारी निरनिराळ्या खात्यांत विभागली गेली. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला, तेव्हा तलावांच्या नोंदीही विभागल्या गेल्या.

पाणकर हळूहळू नाहीसा झाला. गाळ काढण्याचे काम शासकीय अंदाजपत्रकात मंजूर होईल तेव्हा होऊ लागले. दरम्यान इटियाडोहसारख्या मोठ्या प्रकल्पांच्या कालव्यांचे पाणी काही भागांत पोहोचले आणि तेथील शेतकऱ्यांना गावतलावाची निकड उरली नाही. तलावाच्या उथळ काठावर धानाच्या बांध्या चढत गेल्या. ज्यांनी अतिक्रमण केले त्यांना पाण्याची पातळी खाली राहणे सोयीचे असते. म्हणून काही ठिकाणी सलंग फोडून तलाव पूर्ण भरूच द्यावयाचा नाही, असेही प्रकार घडले.

पर्यावरणीय ऱ्हास

तलावांच्या ऱ्हासाची कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. गाळामुळे खोली घटते. बेशरम (आयपोमिया कार्निया) ही मूळची दक्षिण अमेरिकेतील वनस्पती उथळ काठावर झपाट्याने पसरते. गुरे ती खात नाहीत आणि तोडलेल्या फांदीचा तुकडाही ओल्या मातीत मूळ धरतो. बेशरमीच्या झुडुपांत गाळ अडकतो, गाळावर ती आणखी पसरते व स्थानिक गवतांचा पट्टा नाहीसा होतो.

मत्स्यव्यवसायाच्या विकासाचा कार्यक्रमही सर्वस्वी निर्दोष नव्हता. रोहू, कटला आणि मृगळ या झपाट्याने वाढणाऱ्या माशांचे बीज तलावांत सोडण्यास प्रोत्साहन देण्यात आले. त्यांच्या जोडीला सायप्रिनस आणि गवत्या मासाही आला. सायप्रिनस तळ ढवळून पाणी गढूळ करतो, तर गवत्या मासा पाणवनस्पतीच फस्त करतो. बीज सोडण्यापूर्वी तलावातील ‘तण’ आणि मांसाहारी मासे काढून टाकावेत असा तांत्रिक सल्ला असे. त्या तणात स्थानिक माशांची अंडी घालण्याची जागा होती आणि त्या मांसाहारी माशांत मरळ, शिंगी व मागूर यांसारखे बाजारात अधिक भाव मिळणारे मासे होते. दरवर्षी बीज विकत आणावे लागणे हा संस्थांवरचा नवा खर्च होता. स्थानिक मासे मात्र तलावातच वाढत आणि पाऊस आला की प्रवाहाविरुद्ध चढून आपली वीण स्वतःच घालत. धानावर फवारलेली कीटकनाशके पाटातून व पृष्ठवाहातून तलावात येतात, हे आणखी एक कारण.

लोकसहभागी पुनरुज्जीवन

तलावांविषयी परंपरागत ज्ञानाची नोंद करण्याचे काम भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ या संस्थेने केले. संस्थेशी संबंधित अभ्यासक मनीष राजनकर यांनी तलावांचा इतिहास, कोहळी समाजाची बांधकामपद्धती आणि ढिवरांचे मासे व वनस्पतींविषयीचे ज्ञान यांवर दीर्घकाळ काम केले आहे. अभ्यासातून निघालेला मुख्य निष्कर्ष साधा होता: मासे कमी झाले कारण वनस्पती कमी झाल्या, आणि कोणत्या वनस्पतीच्या आधाराने कोणता मासा राहतो हे ढिवरांना ठाऊक होते. या ज्ञानाच्या आधारे अर्जुनी मोरगाव तालुक्यात व परिसरात मच्छीमार सहकारी संस्थांच्या साहाय्याने तलावांतील अधिवास पुन्हा उभा करण्याचे प्रयोग झाले.

कामाचा क्रम ऋतूनुसार ठरतो. उन्हाळ्यात पाणी ओसरले की बेशरम मुळासकट उपटून काढतात. नुसती कापल्यास ती पुन्हा फुटते, त्यामुळे हे काम कष्टाचे आणि सलग काही वर्षे करावे लागणारे आहे. उघड्या पडलेल्या तळाचा काही भाग नांगरतात. घट्ट झालेली माती मोकळी झाल्याशिवाय पाणवनस्पती मूळ धरत नाहीत. ज्या तलावात स्थानिक वनस्पती अजून शिल्लक आहेत तेथून रोपे व कंद आणून पावसाच्या सुरुवातीला लावतात. खोल भागासाठी हायड्रिला, सेरॅटोफायलम आणि व्हॅलिस्नेरिया, मधल्या पट्ट्यासाठी निम्फॉइडिस या तरंगत्या पानांच्या वनस्पती आणि काठासाठी एलिओकॅरिस डल्सिस हे लव्हाळ्यासारखे गवत, अशी निवड केली जाते. लागवडीच्या भागात गुरे आणि गवत्या मासा येणार नाही याची काळजी घ्यावी लागते. त्यानंतर स्थानिक माशांचे थोडे प्रजनक सोडले जातात, किंवा वरच्या-खालच्या तलावांशी जोडणारे प्रवाह मोकळे असतील तर मासे स्वतःच येतात. विणीच्या काळात मासेमारी न करणे आणि बारीक आसाची जाळी न वापरणे हे नियम संस्था आपल्या सभेत ठरवितात.

पाण्याखालील वनस्पती दिवसा पाण्यात प्राणवायू सोडतात आणि त्यांच्या पानांवर शेवाळ व सूक्ष्मजीव वाढतात, तेच पिलांचे खाद्य. तरंगती पाने उन्हाळ्यात पाणी थंड ठेवतात. काठावरील गवतात अंडी चिकटतात व पिलांना बगळे-खंड्यांपासून आडोसा मिळतो. हे सर्व जीवशास्त्राच्या पुस्तकात मिळते. गोंदियातील प्रयोगाचे वेगळेपण असे की, कोणत्या तलावात कोणती वनस्पती पूर्वी होती हे पुस्तकात नसून वृद्ध मच्छीमारांच्या आठवणीत होते.

महिलांचा सहभाग

ढिवर कुटुंबांत जाळे टाकणे हे बहुधा पुरुषांचे काम मानले जाते, तर मासे विकणे, सुकविणे, उथळ पाण्यातून लहान मासे, शिंपले, कमळाचे कंद व पालेभाज्या गोळा करणे हे स्त्रियांचे. तलावाचा काठ नापीक झाला की पहिला फटका या उथळ पट्ट्यावर जगणाऱ्या स्त्रियांना बसतो. सहकारी संस्थेचे सभासदत्व मात्र परंपरेने पुरुषांच्या नावावर होते. त्यामुळे तलावाविषयीचे निर्णय ज्या सभेत होत, तेथे त्यांना जागा नव्हती. बचत गटांच्या माध्यमातून स्त्रियांनी बेशरम काढणे, रोपे लावणे आणि लावलेल्या वनस्पतींची राखण करणे ही कामे केली. त्यानंतर ग्रामसभेत व संस्थेत बोलण्याचा अधिकारही मागितला. काही गावांत रोजगार हमी योजनेतून तलावाच्या कामाची मागणी त्यांनीच पुढे आणली. संवर्धनाच्या अहवालांत हा भाग बहुधा एका परिच्छेदात आटोपला जातो, वास्तविक दररोज तलावावर जाणारे मनुष्यबळ याच गटांचे आहे.

सारस आणि शेतकरी

सारस क्रौंच हा उडणाऱ्या पक्ष्यांपैकी जगातील सर्वांत उंच पक्षी असून आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत तो ‘असुरक्षित’ गणला जातो. महाराष्ट्रात त्याचे मुख्य आश्रयस्थान गोंदिया जिल्हा आहे. शेजारच्या भंडारा आणि मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यांतही तो आढळतो. जिल्ह्यातील परसवाडा व झिलमिली हे तलाव सारसांच्या वास्तव्यासाठी परिचित आहेत. ‘सेवा’ ही गोंदियातील स्वयंसेवी संस्था वन विभाग व शेतकरी यांच्या सहकार्याने सारसांच्या घरट्यांचे संरक्षण आणि वार्षिक गणना करते. जिल्ह्यातील सारसांची संख्या पन्नासच्या आतच राहिली आहे.

सारस घरटे तलावाच्या उथळ काठावर करतो तसेच धानाच्या बांधीतही करतो. घरट्यासाठी तो रोवलेले धान उपटतो, त्यामुळे ज्या शेतकऱ्याच्या बांधीत घरटे होते त्याचे थोडे नुकसान ठरलेलेच असते. म्हणून या पक्ष्याचे संवर्धन अभयारण्याची सीमा आखून होत नाही, शेतमालकाची संमती लागते. विजेच्या तारांना धडकून होणारे मृत्यू आणि कीटकनाशके हे अन्य धोके आहेत. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसांच्या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेऊन जनहित याचिका दाखल करून घेतली आणि त्यातून जिल्हास्तरीय संवर्धन समित्यांच्या कामाला चालना मिळाली.

नवेगाव बांध

नवेगाव बांधभोवतीचे जंगल १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाची स्थापना झाली. उद्यानाच्या उभारणीत वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली आणि स्थानिक जाणकार माधवराव पाटील डोंगरवार यांचा वाटा होता. हिवाळ्यात येथे पट्टकदंबासह अनेक स्थलांतरित पक्षी येतात. संरक्षित क्षेत्र आणि लोकांचा तलाव या दोन कल्पना येथे एकाच पाण्यावर एकत्र आल्या आहेत. पक्ष्यांसाठी शांतता हवी, मच्छीमारांना जाळे टाकावयाचे असते, खालच्या गावांना धानासाठी पाणी हवे असते आणि पर्यटकांना नौकाविहार. या चारही अपेक्षांचा मेळ घालणे सोपे राहिलेले नाही.

कायदेशीर चौकट

पाणथळ जागांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधील रामसर येथे झाला व भारत १९८२ मध्ये त्यात सहभागी झाला. करारातील ‘सुज्ञ वापर’ ही संकल्पना पाणथळ जागेतून माणसांना वगळत नाही. महाराष्ट्रात नांदूर मध्यमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी यांना रामसर स्थळाचा दर्जा आहे, पूर्व विदर्भातील एकाही तलावाला तो नाही.

देशांतर्गत कायद्यात मामा तलावांची स्थिती विचित्र आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये उपग्रह नकाशांवर नोंदलेल्या सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळ जागांना संरक्षण द्यावे असे निर्देश दिले. त्याच वर्षीच्या पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियमांनी मात्र खास सिंचनासाठी, पिण्याच्या पाण्यासाठी वा मत्स्यशेतीसाठी बांधलेल्या मानवनिर्मित जलाशयांना व्याख्येतून वगळले. मामा तलाव सिंचनासाठीच बांधलेला. त्यामुळे दोन-तीनशे वर्षे जुनी, सारस आणि बदकांनी गजबजलेली पाणथळ जागा नियमांच्या अर्थाने पाणथळ जागा ठरतेच असे नाही.

या पोकळीत दोन अन्य कायदे उपयोगी पडतात. जैवविविधता अधिनियम २००२ अन्वये स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समिती लोकजैवविविधता नोंदवही तयार करते व तीत तलावातील मासे, वनस्पती यांची नोंद करता येते. वनहक्क अधिनियम २००६ मधील कलम ३ (१) (घ) मासे व जलाशयातील इतर उत्पन्नांवरील सामूहिक हक्कांना मान्यता देते. जंगलक्षेत्रातील तलावांसाठी त्याचा आधार घेता येतो. पण ढिवर समाज अनुसूचित जमातीत मोडत नाही. त्याला ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून तीन पिढ्यांच्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर जगलेल्या, परंतु जमिनीचा उतारा नसलेल्या समाजाला हा पुरावा उभा करणे कठीण जाते. वाजिब-उल-अर्जसारख्या जुन्या नोंदींचे महत्त्व त्यामुळे पुन्हा वाढले आहे.

गाळ काढण्याचा प्रश्न

राज्य शासनाच्या जलयुक्त शिवार अभियानात आणि २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत तलावांतील गाळ काढण्यास निधी मिळाला. खोली वाढविणे गरजेचे आहेच, परंतु पद्धत महत्त्वाची ठरते. बैलगाडीने गाळ नेण्याच्या काळात तळ सारखा व वरवर खरवडला जाई. यंत्राने खोदताना थोड्या जागेत खोल खड्डे होतात, सौम्य उतार नाहीसा होतो आणि बी-कंद असलेला मातीचा थर ट्रकमध्ये भरून जातो. अशा तलावात पाणी अधिक साठते, पण काठाचा उथळ पट्टा राहत नाही, आणि सारस, कमळपक्षी किंवा अंडी घालणारा मासा यांच्या दृष्टीने तो रिकामा होतो. म्हणून गाळ टप्प्याटप्प्याने काढावा, वरचा थर बाजूला ठेवून पुन्हा पसरावा आणि काठाचा काही भाग हात न लावता सोडावा, अशी मागणी मच्छीमार संस्था व अभ्यासक करतात.

किनारपट्टीशी तुलना

महाराष्ट्रात पाणथळ जागांच्या लोकसहभागी व्यवस्थापनाची अधिक परिचित उदाहरणे कोकणात आहेत. तेथे २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला आणि २०१७ पासून कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजनेतून गावसमित्यांना खेकडेपालन, कालवेपालन, शोभिवंत मासे व निसर्ग पर्यटन यांसाठी साहाय्य मिळते. सिंधुदुर्गातील वेंगुर्ले येथे महिलांच्या गटाने खाडीतील कांदळवन सफर चालविली आहे. कांदळवनांना स्वतंत्र शासकीय कक्ष व संरक्षित वनाचा दर्जा मिळाला, मामा तलावांना असा एकही पालक विभाग नाही. उलट तलावाच्या बाबतीत लोकांकडे एक हत्यार आहे, जे खाडीत नसते. तुडूम उघडणे-मिटणे आणि सलंगेची उंची राखणे हे गाव ठरवू शकते, म्हणजे पाण्याची पातळी माणसाच्या हातात आहे.

मतभेद व मर्यादा

शेतकरी आणि मच्छीमार यांच्यातील ताण हा या कामातील सर्वांत अवघड भाग आहे. पावसाने ओढ दिली की शेतकऱ्याला तलाव शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा करावयाचा असतो. मच्छीमाराला उन्हाळाभर माशांपुरते पाणी राहावयास हवे असते. काही गावांत तळाशी ठरावीक पाणी राखण्याचा समझोता ग्रामसभेत झाला आहे. तो लेखी नसेल तर दुष्काळी वर्षात टिकत नाही.

मासेमारीचा ठेका मर्यादित मुदतीचा असतो. पाणवनस्पती रुजून स्थानिक मासे वाढण्यास काही वर्षे लागतात. तोवर ठेक्याची मुदत संपत आली, तर संस्थेने केलेल्या श्रमाचा लाभ दुसऱ्याच्या पदरात पडू शकतो. या कारणास्तव ठेक्याची मुदत वाढवावी, ठेक्याच्या रकमेत अधिवास सुधारण्याचे काम वळते करावे आणि स्थानिक संस्थेला प्राधान्य द्यावे, या मागण्या मच्छीमारांच्या परिषदांमधून वारंवार मांडल्या जातात. पुनरुज्जीवनाचे काम झालेले तलाव जिल्ह्यातील एकूण तलावांच्या तुलनेत अजून थोडेच आहेत, आणि ज्या गावात कालव्याचे पाणी आले आहे तेथील शेतकऱ्यांना या कामात ओढणे संस्थांना सर्वांत जड जाते.